साळवी डॉक्टरांनी घेतलेली लिफ्ट

साळवी डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी वाकून बघायचे. आमच्याकडे नवा फ्रीज आला त्या दिवशी शेजारपाजारचे लोक दार उघडून आतली जागा बघत होते. डॉक्टर मात्र गुडघ्यावर हात ठेवून वाकले, फ्रीजच्या खाली नजर टाकली आणि म्हणाले, "बाई, एक पाय अधांतरी आहे. आत्ता काही होणार नाही, पण दोन वर्षांनी घरघर करायला लागेल." मग वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी ती स्वतःच त्या पायाखाली सरकवली आणि चहाला बसले.

मी शाळेत शिक्षिका, म्हणून ते मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत. त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणत, अगदी त्यांच्या पत्नी सुमनवहिनीसुद्धा. ते गुरांचे डॉक्टर. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या दवाखान्यांत त्यांची नोकरी झाली, आणि निवृत्त होऊन ते महाडच्या कडेला, आमच्या शेजारी, घर बांधून राहिले. निवृत्त फक्त कागदावर. नाते गावाकडून, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून फोन यायचे, आणि डॉक्टर आपली जुनी जीप काढून निघायचे. पैसे कुणी दिले तर घ्यायचे, नाही दिले तर काकडी, नाचणी, कधी कोंबडा घेऊन यायचे. कोंबडा आला की सुमनवहिनींची पंचाईत व्हायची, कारण डॉक्टर त्याला कापू द्यायचे नाहीत. त्यांच्या अंगणात असे चार-पाच कोंबडे म्हातारे होऊन गेले.

उंच, सडपातळ माणूस. खाकी हाफ पँट, बाह्या दुमडलेला शर्ट, आणि हाताला कायम दोन वास. एक जंतुनाशकाचा, दुसरा डिझेलचा. आजारी जनावराच्या मालकाला त्यांनी कधी "बरं होईल" असं सांगितलेलं मी ऐकलं नाही. "बघू, काय म्हणते ती," एवढंच. जणू निर्णय गायीनं घ्यायचा आहे आणि आपण फक्त तिला विचारायला आलो आहोत.

त्यांची एक गोष्ट पोलादपूरकडे अजून सांगतात. एका वाडीत बैल जुन्या खड्ड्यात पडला होता. खड्डा खोल, कडा निसरड्या. माणसं जमली, बांबू आले, दोर आले, पोटाखाली घालायला पोती शिवून झाली. सगळे ओढायला तयार. डॉक्टर म्हणाले, "थांबा. वर आला की ठेवायचा कुठं आणि कसा?"

"ठेवायचा काय डॉक्टर, भुईवर," कुणीतरी म्हणालं.

"दोर एकदम सोडलात तर त्याचा पाय मोडेल. मग मला बोलावून काय उपयोग?"

त्यांनी आधी बैलाच्या वजनाचा अंदाज करून एक मोठा धोंडा बांधायला लावला. तो उचलायचा, बाजूला न्यायचा, हळू ठेवायचा. वाडीतली माणसं वैतागली. बैल खड्ड्यात हंबरतोय आणि आपण धोंडा खेळवतोय. पण डॉक्टर ऐकेनात. तिसऱ्यांदा धोंडा आवाज न करता जमिनीला टेकला तेव्हा ते म्हणाले, "आता बैलाला बोलवा." बैल वर आला, ठेवला गेला, उभा राहिला आणि सरळ चरायला लागला. ही गोष्ट मला त्यांनी सांगितली नाही, त्या वाडीतून शाळेत येणाऱ्या एका पालकानं सांगितली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "बैल शहाणा होता हो, हलला नाही."

जीपवर त्यांचा जीव होता. सरकारी लिलावात घेतलेली, इतकी जुनी की गॅरेजवाले तिला हात लावायचे नाहीत. सुटे भाग मिळत नाहीत, वेळ जातो, असं सांगून टाळायचे. त्यामुळे तिचं सगळं डॉक्टर स्वतः करत. घराशेजारी पत्र्याची शेड होती, तिथं जमिनीवर पोतं अंथरून ते जीपखाली शिरायचे. रविवारी सकाळी आम्हाला त्यांचे फक्त पाय दिसायचे. शेजारचे लोक त्या पायांशीच बोलायचे. पायांशी बोलून जनावराचं औषध विचारून घ्यायचे.

एका रविवारी ते पाय तासभर हलले नाहीत.

वहिनींनी दोनदा हाक मारली. पहिल्यांदा "येतो" असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा "येतोय" असं. वहिनींना त्या आवाजात काहीतरी वेगळं वाटलं. त्या शेडमध्ये गेल्या, खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, कंबर धरली ना?"

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

"म्हणजे हात हलतायत."

माझे यजमान आणि समोरचे दोघं येईपर्यंत वहिनींनी चहा करून आणला. बशीत ओतून बशी जीपखाली सरकवली. डॉक्टरांनी आडव्या आडव्या तो प्यायला. मग पोत्यासकट त्यांना ओढून बाहेर काढलं. ते आकाशाकडे बघत पडून राहिले आणि म्हणाले, "गायीला असं ओढतात तेव्हा तिला काय वाटत असेल ते आज कळलं."

वहिनी हसल्या नाहीत. त्या रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं, की आजपासून गाडीखाली झोपायचं नाही. गाडी विका, नाहीतर दुसरी सोय करा. मी खाली शिरू देणार नाही.

डॉक्टरांच्या लेकीनं पुण्याहून फोन करून तेच सांगितलं, पण पुढचं पाऊल टाकून. गाडी विकाच, म्हणाली, आता या वयात डोंगरात फिरायचं काय कारण आहे. डॉक्टर फोन ठेवून पडवीत येऊन बसले. मी भाजी द्यायला गेले होते. ते म्हणाले, "बाई, जीप गेली तर मी दुसऱ्याच्या गाडीतून जाईन, असं सगळ्यांना वाटतं. पण मी जाणार नाही. माझं मला माहीत आहे. दोनदा कुणाला तरी विचारीन, तिसऱ्यांदा फोनवरच औषध सांगीन. आणि मग फोनही यायचे बंद होतील."

इतकं सलग स्वतःबद्दल बोललेले ते मला आठवत नाहीत. त्यानंतर आठवड्याभरातच त्यांनी वहिनींना सांगितलं, "आपण लिफ्ट बसवू. मी खाली जायच्या ऐवजी गाडी वर जाईल."

वहिनींना आधी वाटलं, वरच्या मजल्यावर जायची लिफ्ट. गुडघ्यांसाठी. त्या खूश झाल्या. नंतर खुलासा झाला तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे मी जिना चढायचा आणि जीपनं लिफ्टनं जायचं." पण नाही म्हणाल्या नाहीत. दुसरी सोय करा, असं त्यांनीच सांगितलं होतं.

मग निवडीचा काळ सुरू झाला आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. लग्नाला मुलगी बघावी तसे डॉक्टर लिफ्टी बघत हिंडले. मुंबई-गोवा रस्त्यावरची गॅरेजं, पनवेलचं एक मोठं वर्कशॉप, पुण्यातलं एक दुकान. बरोबर बहुतेक वेळा शौकतभाई असायचे. शौकतभाईंचं बिरवाडी फाट्याजवळ गॅरेज होतं. बरीच वर्षं कुवेतला मोठ्या वर्कशॉपमध्ये काढून ते परत आले होते. दोघांची मैत्री शौकतभाईंच्या शेळ्यांवरून जुळली होती.

आमच्या पडवीत बसून दोघांचा वाद चालायचा आणि मला त्यातून लिफ्ट या गोष्टीचं बरंच शिक्षण मिळालं. दोन खांबांची लिफ्ट असते. तिचे चार लोखंडी हात गाडीच्या सांगाड्याखाली घालून गाडी उचलतात, चाकं खाली लोंबत राहतात. जागा कमी लागते, चाकं काढायला सोपं. डॉक्टरांना तीच हवी होती.

"डॉक्टरसाहेब, घ्या की," शौकतभाई म्हणाले. "पण गाडी चार ठिकाणी धरून वर टांगायची. तुमच्या जीपची चासी राह्यलीय कुठं चार ठिकाणी? कोकणातला पाऊस खाऊन बसलाय तिला. हात लावला की भोक पडतंय. आन् दोन खांब म्हणजे सगळा भार जमिनीतल्या बोल्टांवर. तुमच्या शेडखाली भराव हाय, नदीची माती. दोन हात खणलं की पाणी लागतं."

डॉक्टर म्हणाले, "खाली बसलेल्या गायीला पोटपट्टा लावून टांगतो आपण. पण तासाभराच्या वर नाही ठेवायचं. तिचं वजन तिच्या पायांवरच पाहिजे."

"तेच म्हणतो मी. चार खांबांची घ्या. गाडी फळ्यांवर आपल्या चाकांवर उभी ऱ्हाते. महिनाभर वर ठेवा, तिला काय नाय होत."

"आणि चाक काढायचं असेल तेव्हा?"

"दोन फळ्यांच्या मधे सरकणारा बारका जॅक मिळतो. तो वेगळा घ्यायचा."

कात्रीसारखी उघडणारी एक तिसरी जात होती, जमिनीत सपाट बसणारी. दिसायला सगळ्यात देखणी. डॉक्टर तिच्यावर दोन महिने भाळले होते. ती वहिनींनी बाद केली. त्यांनी कॅटलॉगमधलं चित्र चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "ही जमिनीतल्या खड्ड्यात बसते. पुराचा गाळ या खड्ड्यात जाईल, तो काढायचा कुणी?" महाडात ज्यानं एकदा घरातला गाळ उपसला आहे त्याला या प्रश्नावर पुढे बोलायची गरज नसते.

पुण्याच्या एका दुकानाचा विक्रेता घरी आला होता. चांगला मुलगा होता, टाय लावून आलेला. लिफ्टला कुलपं कशी असतात ते त्यानं सांगितलं. खांबाच्या आत शिडीसारख्या खाचा असतात, लिफ्ट वर जाताना प्रत्येक खाचेत एक लोखंडी खिट्टी पडते, तार तुटली तरी गाडी तिथंच थांबते. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या दुकानात अशी एक बसवलेली आहे ना? पुढच्या वेळी मी येईन तेव्हा तुम्ही खाली उभे राहा, मी बटण दाबतो."

मुलगा हसला. डॉक्टर हसले नाहीत. मुलगा म्हणाला, "सर, तशी गरज पडत नाही." त्याला पाटावर बसवून वहिनींनी पोटभर जेवायला घातलं, परतीच्या वाटेसाठी आंबोळ्या बांधून दिल्या, पण लिफ्ट त्याच्याकडून घेतली नाही.

ती घेतली पनवेलच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडून. डॉक्टरांनी त्यालाही तेच विचारलं होतं. तो लिफ्टवर चढवलेल्या ट्रकखाली खुर्ची ओढून बसला आणि चहा मागवला. डॉक्टरांनी दुसरी खुर्ची घेतली. तिथंच ठरलं. चार खांबांची, घरच्या साध्या वीजजोडणीवर चालणारी. शेड लहान पडत होती म्हणून तिचं छप्पर उंच करून घेतलं, जीप वर गेल्यावरही पत्र्याला डोकं लागू नये इतकं. खालची जमीन खणून जाड काँक्रीट घातलं.

वहिनींनी शेवटी दोन प्रश्न विचारले. "गाडी वर आहे आणि लाइट गेली तर?"

"खिट्टीवर बसवून ठेवायची. हाताच्या दांड्यानं थोडी खाली घेतली की ती जवळच्या खाचेत बसते. पण पूर्ण उतरवायला लाइट लागते, कारण खिट्टी काढायला लिफ्ट आधी जराशी वर घ्यावी लागते," डॉक्टर म्हणाले.

"आणि ही मोटर इथं खांबाला कमरेइतक्या उंचीवर का लावलीय? पूर आला की पहिली तीच बुडणार."

डॉक्टर आणि शौकतभाईंनी एकमेकांकडे बघितलं. वर्षभराच्या चर्चेत हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मोटर वर, पत्र्याच्या जवळ, भिंतीला लावून घेतली. नळ्या लांब कराव्या लागल्या. बसवायला आलेला माणूस कुरकुरत होता. वहिनींनी त्यालाही आंबोळ्या दिल्या.

पहिल्यांदा जीप वर गेली तेव्हा अख्खी आळी बघायला जमली. खट, खट, खट असा खिट्ट्यांचा आवाज येत होता. जीप डोक्याच्या वर जाऊन थांबली. डॉक्टर तिच्याखाली गेले आणि सरळ उभे राहिले. मान वर करून बघत राहिले, एका ठिकाणी हात फिरवला, दुसऱ्या ठिकाणी बोटानं गंज खरवडला. मग म्हणाले, "सुमन, ये, बघ." वहिनी गेल्या आणि दोघं शेजारी शेजारी उभी राहून जीपचं पोट बघत राहिली. जमलेल्यांसाठी केलेला शिरा निवत चालला होता, पण कुणी घाई केली नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात पूर आला.

महाडचे लोक पावसाला भीत नाहीत, पाणी कुठून येतंय ते बघतात. त्या दिवशी सकाळी पोलादपूरहून डॉक्टरांच्या ओळखीच्या माणसाचा फोन आला, की वर डोंगरात पाऊस थांबायचं नाव घेत नाही, नदीनं रंग बदललाय. आळीत सामान वर नेण्याची धावपळ सुरू झाली. डॉक्टर निवांत होते. त्यांनी जीप लिफ्टवर घेतली, पूर्ण उंचीवर चढवली आणि आमचं धान्य वर न्यायला मदतीला आले. रस्त्यावर घोट्याइतकं पाणी आलं होतं.

तेवढ्यात पार्वतीबाई आल्या. आळीच्या टोकाला खाली शेताच्या बाजूला त्यांचं घर आणि गोठा. एकट्याच राहायच्या, एक गाय बाळगून. गायीचं नाव तांबू. ती दोन दिवसांपूर्वी व्यायली होती आणि त्या पहाटेपासून खाली बसली होती. डॉक्टरांनी सकाळीच जाऊन तिच्या शिरेत कॅल्शियम दिलं होतं.

"डाक्तर, पानी गोठ्यात आलं. ती उठत नाय. उठवली तरी उठत नाय वो," पार्वतीबाई म्हणाल्या. रडत नव्हत्या, पण दोन्ही हातांनी पदर पिळत होत्या.

"संध्याकाळपर्यंत उठेल ती. औषधाला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले आणि थांबले. संध्याकाळपर्यंत पाणी कुठे असेल ते सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी दारात होत्या. त्यांनी शेडकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गाडी उतरवा."

"लाइट कधीही जाईल, सुमन."

"म्हणूनच म्हणते, लवकर उतरवा."

जीप खाली आली. डॉक्टरांनी ती रस्त्यावर घेतली आणि उंचावरच्या शाळेच्या मैदानाकडे नेण्यासाठी वळवली, पण वळणावरच पाणी इतकं होतं की इंजिन बंद पडलं. ते दोनदा प्रयत्न करताना दिसले. मग दार बंद करून, जीप तिथंच सोडून, गुडघाभर पाण्यातून चालत परत आले. मागे वळून बघितलं नाही.

तोवर माझे यजमान आणि आळीतले चौघं तांबूला ताडपत्रीवर घेऊन चिखलातून सरकवत आणत होते. पार्वतीबाईंनी वासरू खांद्यावर घेतलं होतं. लिफ्टच्या दोन फळ्यांमध्ये डॉक्टरांनी जुनी दारं आणि लाकडी फळकुटं टाकली, वर पेंढा पसरला. गाय त्यावर आली, शेजारी वासरू. तिच्या पोटाखालून पट्टा घेऊन दोर छपराच्या लोखंडी तुळईला बांधला. डॉक्टर स्वतःही वर चढले. "दाबा," म्हणाले. माझ्या यजमानांनी शिडीवर चढून भिंतीवरच्या मोटरचं बटण दाबलं.

खट, खट, खट. लिफ्ट छातीइतकी वर गेली असेल, आणि वीज गेली.

लिफ्ट थांबली. डॉक्टरांनी वरून शांतपणे सांगितलं, दांडा कुठला, किती दाबायचा. लिफ्ट बोटभर खाली येऊन खाचेत बसली, आणि ढिला पडलेला दोर डॉक्टरांनी आवळून घेतला. पुरेशी उंच नव्हती, पण आता करण्यासारखं काही नव्हतं. सगळे आपापल्या घरांच्या वरच्या मजल्यावर गेले. पार्वतीबाईंना वहिनींनी आपल्याकडे नेलं. डॉक्टरांना सगळ्यांनी खाली यायला सांगितलं. ते आले नाहीत.

आमच्या गच्चीच्या दारातून शेड समोरच दिसते. दिवसभर मी तिथं उभी होते. पाणी चढत होतं. तपकिरी, जड, त्यात लाकडं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कुणाचं तरी तुळशीचं वृंदावन. दुपारी पाणी फळ्यांच्या खाली वीतभर राहिलं. डॉक्टर गायीच्या मानेशी बसून होते. वासराला त्यांनी आपला शर्ट पांघरला होता. पलीकडच्या खिडकीत वहिनी होत्या. दर थोड्या वेळानं दोघांचं बोलणं चालायचं.

"किती राह्यलं?"

"वीतभर."

"मघाशीही वीतभरच म्हणालात."

"म्हणजे वाढत नाहीये."

आणि मग, औषधानं आपलं काम केलं. तांबूनं कान हलवले, मान उचलली आणि उठायला लागली. गोठ्यात हे झालं असतं तर आनंद होता. पण खाली पाणी, दोन्ही बाजूंना मोकळं, आणि ती मागचे पाय ताठ करून धडपडत होती. फळकुटं करकरली. पार्वतीबाई खिडकीतून तिच्या नावानं हाका मारायला लागल्या. डॉक्टर तिच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी घालून उभे राहिले. ती उभी राहिली, तेही उभे राहिले. ती एका बाजूला झुकली तेव्हा पट्ट्याचा दोर ताणला गेला, तुळई हलली नाही. ते तिच्या कानात काहीतरी बोलत होते. पाण्याच्या आवाजात शब्द कळत नव्हते. नंतर त्यांनीच सांगितलं, "आयुष्यभर गायींना ऊठ बाई, ऊठ म्हणत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो, बस गं, तुझ्या पाया पडतो, बस."

ती बसली नाही, पण हललीही नाही. वासरू तिच्या पायाशी लुचायला लागलं आणि ती त्याला चाटत उभी राहिली.

संध्याकाळी पाणी उतरायला लागलं. दुसऱ्या दिवशी शौकतभाई बिरवाडीहून आपला जनरेटर टेम्पोत घालून, चिखलातून वाट काढत आले. भिंतीवरची मोटर कोरडी होती. लिफ्ट आधी थोडी वर गेली, खिट्ट्या निघाल्या आणि मग सावकाश खाली आली, आवाज न करता टेकली. डॉक्टरांनी तांबूला रस्त्याच्या बाजूच्या उतरत्या फळीवर पुढे घातलं. ती चार पावलं चालली आणि पार्वतीबाईंच्या पदराला तोंड लावून उभी राहिली. पार्वतीबाई म्हणाल्या, "भूक लागली आसंल तिला," आणि गवत शोधायला निघाल्या. महाडात त्या दिवशी हिरवं असं काही उरलं नव्हतं. माझ्या यजमानांनी गच्चीवरच्या कुंडीतला गवती चहा कापून आणून दिला.

जीप वळणावरच होती, सीटपर्यंत गाळानं भरलेली. मला वाटलं, आता डॉक्टर खचतील. डॉक्टरांनी इंजिनमधलं तेल काढून बघितलं. पाणी मिसळून ते दुधाच्या चहासारखं झालं होतं. शौकतभाई मान हलवत म्हणाले, "संपली, डॉक्टरसाहेब."

"बघू, काय म्हणते ती," डॉक्टर म्हणाले.

तो हिवाळा आमच्या आळीचा मला सगळ्यात चांगला आठवतो. घरं धुऊन झाली होती, भिंतींवर ओलीची रेघ होती, आणि शेडमध्ये जीप लिफ्टवर चढलेली. डॉक्टर तिच्याखाली उभे राहून काम करायचे. गाळ काढायचा, गंज खरवडायचा, सांगाड्याला जागोजागी नवी पट्टी जोडून घ्यायची. शौकतभाई शुक्रवारी नमाज झाली की यायचे आणि संध्याकाळपर्यंत थांबायचे. वहिनी खुर्ची टाकून बाजूला भाजी निवडायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, "हा पेडल कशाचा?" डॉक्टरांनी सांगितलं. मग "हा?" मग "हा दांडा कुठे कुठे जातो?" डॉक्टरांना काही कळलं नाही, मला कळलं. डॉक्टरांना एका डोळ्यानं कमी दिसायला लागलं होतं आणि ते कुणाला सांगत नव्हते. वहिनींना सांगायची गरज नव्हती.

पुढच्या वर्षी आम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेलो. महाडचं घर भाड्यानं दिलं. डॉक्टर गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. आवाज स्थिर होता. "सकाळी वरच्या वाडीतल्या म्हशीला बघून आले होते," एवढं आणखी सांगितलं.

त्याच्या चार-पाच महिने आधी मी त्यांना शेवटचं बघितलं. एका लग्नाला जाताना आमची एसटी पोलादपूरच्या स्टँडवर थांबली होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते तर बाजाराच्या रस्त्यावरून ती जीप आली. नवा हिरवा रंग दिलेला. चालवत वहिनी होत्या. पदर खोचलेला, चष्मा नाकावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. शेजारी डॉक्टर, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. ते शेंग सोलत आणि दाणे वहिनींच्या तोंडासमोर धरत. वहिनी नजर रस्त्यावरून न हलवता तोंड उघडत.

मी हाक मारली, पण एसटी सुरू झाली होती. जीपनं डोंगराकडच्या रस्त्याला वळण घेतलं. रस्ता मोकळा होता, समोर कुणी नव्हतं, तरी वहिनींनी दोनदा हॉर्न वाजवला.